चित्रपट पाहिला, भाषा ऐकली का?

गेल्या काही महिन्यांत आम्ही पाच चित्रपट पाहिले. दोन चित्रपटगृहात, उरलेले घरी, चार शेजारी जमवून. ‘छावा’, ‘दशावतार’, ‘बाईपण भारी देवा’, ‘कांतारा’ आणि पुन्हा एकदा ‘सैराट’. चित्रपट संपला की आपल्याकडे अभिप्रायांचा एक ठरलेला क्रम असतो. नट कसा, नटी कशी, गाणी कशी, हाणामारी खरी वाटली का, शेवट पटला का. कोणी ‘भारी’ म्हणतो, कोणी ‘पैसे फुकट गेले’ म्हणतो, आणि चहाच्या कपबश्या विसळल्या की विषय संपतो. या चर्चांत एक प्रश्न आम्ही क्वचितच ऐकला आहे: पडद्यावरची माणसे जी भाषा बोलत होती, ती कशी होती?

या प्रश्नावर लगेच उत्तर येते, “सिनेमा करमणुकीसाठी असतो हो, तिथे कसले व्याकरण काढता!” हे उत्तर पुण्यात किंवा ठाण्यात शोभते. तिथल्या मुलाला मराठी दुकानाच्या पाटीवर दिसते, बसच्या कपाळावर दिसते, तलाठ्याच्या दाखल्यावर दिसते. बेळगाव, खानापूर किंवा निपाणीच्या मुलाचे तसे नाही. घराचा उंबरठा आणि मराठी शाळेचे फाटक ओलांडले की त्याच्या कानांवर व डोळ्यांवर दुसऱ्या भाषा येतात. घराबाहेर, चारचौघांत, मोठ्या आवाजात आणि अभिमानाने बोललेली मराठी त्याला ऐकायला मिळते ती मुख्यतः नाटकात, कीर्तनात आणि चित्रपटात. नाटक वर्षातून कधीतरी येते, कीर्तनाला तो मुलगा जात नाही. उरतो चित्रपट. म्हणून चित्रपटातील भाषा ही आमच्यासाठी करमणुकीची बाब नाही, ती शिधा आहे. आणि शिध्यात खडे निघाले तर आम्ही बोलणारच.

आधी ‘छावा’बद्दल. फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या या चित्रपटात विकी कौशल यांनी जीव ओतून काम केले आहे, यात शंका नाही. संगमेश्वरचा प्रसंग पाहताना आमच्या रांगेतील एकही माणूस हलला नाही. पार्श्वसंगीत कानठळ्या बसवणारे आहे आणि पूर्वार्ध विस्कळीत आहे, हेही खरे. परंतु आमचा मुद्दा निराळा आहे. राजा मराठी, मूळ कादंबरी शिवाजी सावंतांची म्हणजे मराठी, दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर मराठी, आणि चित्रपट मात्र हिंदी. काही आठवड्यांत तो तेलुगूत ध्वनिमुद्रित होऊन तेलुगू प्रेक्षकांपुढे गेला. म्हणजे हैदराबादच्या प्रेक्षकाला संभाजीराजे त्याच्या भाषेत भेटले, आणि ज्या भाषेत ती कादंबरी लिहिली गेली त्या भाषेच्या आम्हा माणसांना आमच्या शहरात ते हिंदीतच ऐकावे लागले. झलक प्रसिद्ध झाली तेव्हा लेझीमच्या दृश्यावरून केवढा गदारोळ झाला, आणि ते दृश्य वगळलेही गेले. राजांनी लेझीम खेळावे की नाही यावर जेवढा शब्द खर्ची पडला, त्याच्या चौथा हिस्सा तरी राजांनी कोणत्या भाषेत बोलावे यावर पडला असता, तर आमची तक्रार नव्हती.

इथे गैरसमज नको. हिंदीचे आम्हांला वावडे नाही. स्वतः संभाजीराजांनी संस्कृतात ‘बुधभूषण’ रचले आणि ब्रज भाषेतही काव्यरचना केली. अनेक भाषा जाणणाऱ्या राजावर अनेक भाषांत चित्रपट निघावेत, हे योग्यच आहे. प्रश्न इतकाच, की त्या अनेकांत मराठी पहिली का नसावी? ‘परवडत नाही’ हे उत्तर आम्ही ऐकून घेणार नाही. १९३२ साली प्रभात कंपनीने कोल्हापुरात ‘अयोध्येचा राजा’ मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत काढला. पुढे १९३७ चा ‘कुंकू’ हिंदीत ‘दुनिया न माने’ झाला, १९३९ चा ‘माणूस’ ‘आदमी’ झाला, १९४१ चा ‘शेजारी’ ‘पडोसी’ झाला. त्या काळी त्यासाठी तेच प्रसंग पुन्हा उभे करून दुसऱ्या भाषेत चित्रित करावे लागत. ज्यांनी हे केले त्यांच्यापाशी ना संगणक होता, ना शेकडो कोटींची उलाढाल. त्यांच्यापाशी होती ती एक साधी समजूत, की आपण मराठी माणसे आहोत आणि आपल्या प्रेक्षकाशी आपल्याला त्याच्या भाषेत बोलायचे आहे.

आता दुसरे आणि अधिक दुखरे दुखणे. हिंदीत निघालेला चित्रपट निदान प्रामाणिकपणे हिंदी असतो. परंतु मराठी म्हणवणाऱ्या चित्रपटांत आणि मालिकांत अलीकडे जी भाषा ऐकू येते, ती मराठी शब्दांची पण हिंदी हाडांची असते. नायक म्हणतो, “तिने मला धोका दिला.” मराठीत धोका वळणावर असतो, विजेच्या तारेला असतो; माणूस माणसाला दगा देतो किंवा फसवतो. बाप मुलाला म्हणतो, “मला तुझा गर्व आहे.” मराठीत गर्वाचे घर खाली असते, बापाला मुलाचा अभिमान वाटतो. सून म्हणते, “मी चहा बनवते.” चहा करतात, स्वयंपाक करतात, बनवतात ते दुसऱ्याला. कोणी संकटात सापडला की ओरडतो, “माझी मदत करा!” आमच्याकडे बुडणारा माणूससुद्धा “मला मदत करा” असे शुद्ध चतुर्थीत ओरडतो.

या चुका किरकोळ वाटतील. पण त्यांच्यामागे काय हरवते ते पाहा. ‘अभिमान’ आणि ‘गर्व’ यांत मराठीने एक नैतिक भेद राखला आहे: एक मिरवण्याजोगा, दुसरा टाकण्याजोगा. हिंदीतील ‘गर्व’ चांगल्या अर्थानेही चालतो, तो हिंदीचा अधिकार आहे. तो शब्द जसाच्या तसा उचलला की आपल्या भाषेतील तो भेदच पुसला जातो. शब्द उसना घेतल्याने भाषा गरीब होत नाही, अर्थ गहाण टाकल्याने होते.

सर्वांत मोठा बळी मात्र ‘आपण’ या शब्दाचा पडतो आहे. मराठीत ‘आम्ही’ म्हणजे ऐकणाऱ्याला वगळून आम्ही, आणि ‘आपण’ म्हणजे त्याला धरून आपण. “आम्ही जेवायला निघालो” म्हटले की पाहुणा समजतो, आपल्याला बोलावणे नाही. “आपण जेवायला निघू” म्हटले की तो चप्पल घालतो. हिंदीतील ‘हम’ला हा भेद ठाऊक नाही. तमिळ आणि तेलुगूला तो ठाऊक आहे, आणि मराठीने तो दक्षिणेच्या दीर्घ शेजारातून उचलला असावा, असे अनेक भाषाभ्यासक मानतात. अशा या दागिन्याचे पडद्यावर काय होते? “चला, आम्ही निघूया” असे वाक्य आम्ही स्वतः ऐकले आहे. ‘हम चलते हैं’ची ती शब्दशः उतरंड. ते वाक्य लिहिणाऱ्याला, बोलणाऱ्याला आणि ध्वनिमुद्रित करणाऱ्याला, तिघांपैकी एकालाही ते खटकले नाही, याचे आम्हांला अधिक वाईट वाटते.

“म्हणजे तुम्हांला छापील, सोवळी मराठी हवी!” असा आरोप आता होईल. तो आम्ही ठाम नाकारतो. ‘सैराट’ पाहा. २०१६ साली नागराज मंजुळे यांनी करमाळ्याकडची बोली कोणतीही माफी न मागता पडद्यावर आणली. त्याआधी ग्रामीण बोली बहुतेक वेळा विनोदी गड्याच्या वाट्याला येई. इथे ती नायिकेच्या तोंडी आली आणि रुबाबात आली. मराठीत सांगितलेले कळत नाही का, की इंग्रजीत सांगू, असे ती दरडावते तेव्हा सारे थिएटर टाळ्या वाजवते. पळून हैदराबादला गेल्यावर तीच मुलगी परक्या भाषेपुढे मुकी होते आणि हळूहळू तेलुगू शिकून पोटापाण्याला लागते. भाषा गेली की माणसाचा रुबाब कसा जातो, आणि नवी भाषा शिकून तो किती कष्टाने परत मिळवावा लागतो, हे त्या चित्रपटाने भाषण न करता दाखवले. सीमेवर राहणाऱ्यांना ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

‘दशावतार’मध्ये दिलीप प्रभावळकरांनी या वयात जे उभे केले आहे त्याला तोड नाही. उत्तरार्ध आम्हांला ताणलेला वाटला. पण कोकणच्या मातीचा वास त्या बोलण्याला येतो, आणि बोलणे पात्राचे वाटते, लेखकाचे नाही. ‘बाईपण भारी देवा’ची कथा फारशी नवी नाही, सहाही बहिणींची दुःखे एकाच साच्यातून काढल्यासारखी वाटतात; पण शीर्षकापुढे आम्ही हात जोडतो. ‘स्त्रीत्व’ हा जड शब्द बाजूला ठेवून ‘बाई’ला घरचाच ‘पण’ हा प्रत्यय जोडला, मोठेपण, शहाणपण यांच्या पंगतीत बाईपण बसवले, आणि साऱ्या महाराष्ट्रातल्या बायका नटूनथटून घोळक्यांनी चित्रपटगृहात गेल्या. साधी, नेमकी मराठी चालत नाही, असे म्हणणाऱ्या निर्मात्यांनी हे शीर्षक भिंतीवर लावून ठेवावे.

आमचा आक्षेप म्हणून बोलीला नाही. बेळगावात “मी भाकरी खाल्लो” म्हणतात, “ये की, बस की” म्हणतात. कन्नडच्या शेजारात शेकडो वर्षे नांदल्याची ती खूण आहे. इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठीत हिंदीच्या छटा आहेत, बडोद्याच्या मराठीत गुजरातीच्या. त्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या सहवासातून आल्या. तिथे भाषा शेजारणीकडून विरजण मागून आणते आणि दही घरी लावते. पटकथेच्या कागदावर येते ती मात्र घाई असते: विचार हिंदीत करायचा आणि वेळेवर मराठी शब्द चिकटवायचे. पहिले सहजीवन आहे, दुसरा आळस.

आणि ज्या चित्रपटाविषयी आमच्या माणसांना लिहायला संकोच वाटतो, त्याविषयीही लिहू. २०२२ चा ‘कांतारा’ आम्ही कन्नडमधून पाहिला. ऋषभ शेट्टी यांनी किनारपट्टीची कन्नड, तिथले दैव, तिथला भूतकोला, काहीही सौम्य न करता मांडले; आधी आपल्या माणसांसाठी केले आणि मग ते देशभर गेले. हा क्रम लक्षात घ्यावा. आमचा झगडा सक्तीशी आहे, कन्नड भाषेशी कधीच नव्हता. पहिला कन्नड बोलपट ‘सती सुलोचना’ १९३४ साली कोल्हापुरातच चित्रित झाला, आणि ‘सैराट’ची कथा कन्नडमध्ये गेली तेव्हा नायिकाही आमचीच गेली. कथा सीमा ओलांडतात, ओलांडाव्यात. शिकण्यासारखी गोष्ट ही, की आपल्या कोपऱ्यातील बोलीवर विश्वास ठेवणारा चित्रपट कोपऱ्यात राहत नाही.

दोषाचा वाटा आमच्याही पदरात घालून घेऊ. मराठी चित्रपट आमच्या शहरात लागतो तेव्हा त्याला आडवेळेचा एखादा खेळ मिळतो, हे खरे. पण त्या खेळाला आम्ही किती जण जातो? मोर्चाला पाचशे आणि मराठी चित्रपटाला पंधरा, हे गणित चित्रपटगृहाच्या मालकाला बरोबर समजते. रस्त्यावर घोषणा देऊन घरी गेल्यावर हिंदी मालिका लावणारे घर भाषेचे काय राखणार?

तेव्हा मागणी दोन्हीकडे आहे. निर्मात्यांनी मराठी विषयावरचा चित्रपट मराठीतही काढावा, आणि नुसता अनुवाद न करता संवाद मराठीत नव्याने लिहून घ्यावेत. साहसदृश्यांसाठी, नृत्यासाठी तज्ज्ञ नेमता. संवाद तपासायला, बोली जाणणारा एक माणूस नेमा. त्याचा पगार एका नृत्यदृश्यातील रोषणाईपेक्षा जास्त होणार नाही. आणि वितरकांनी राज्याची हद्द संपते तिथे मराठी प्रेक्षक संपतो, असे समजू नये. बेळगाव, पणजी, इंदूर, बडोदे, हैदराबाद येथे तो आहे. प्रेक्षकांनी एवढेच करावे: पुढचा चित्रपट पाहून आल्यावर नट, गाणी आणि शेवट यांच्या जोडीला भाषेविषयी एक वाक्य बोलावे. चांगली असेल तर चांगली म्हणावे, खटकली तर काय खटकले ते सांगावे. मराठीला अभिजात दर्जा ३ ऑक्टोबर २०२४ रोजी दिल्लीत जाहीर झाला. तो टिकतो की नाही हे चहाच्या कपाभोवतीच्या अशा गप्पांत ठरणार आहे.

हा सारा लेख आम्ही ‘आम्ही’ म्हणून लिहिला. मराठी चित्रपट जेव्हा प्रेक्षकांचा विचार करतो, तेव्हा त्याच्या मनातील शब्दही बहुधा ‘आम्ही’च असतो, आणि सीमेवरचे लोक त्या शब्दाबाहेर राहतात. मराठीला दुसराही एक शब्द ठाऊक आहे. तो वापरायला शिका. चप्पल घालून आम्ही केव्हाचे दारात उभे आहोत.