शरदांतील घाटवाटा आणि चाकाची धांव

आश्विन लागला, हस्ताचा जोर ओसरला आणि भाताच्या खाचरांवर पिवळी झांक चढूं लागली, कीं घरोघरच्या तरुण मंडळींचे पाय घरांत ठरत नाहींत. यांत नवल करण्यासारखें कांहीं नाहीं. कालिदासाचा रघु दिग्विजयाला निघाला तो याच ऋतूंत. नद्यांना उतार पडला, वाटेवरचा चिखल वाळला, आणि राजाच्या स्वतःच्या उत्साहाच्याही आधीं शरदानें त्याला प्रयाणाची प्रेरणा दिली, असें रघुवंशाच्या चवथ्या सर्गांत वर्णन आहे. आपला सीमोल्लंघनाचा विधि तरी दुसरें काय सुचवितो? रथाची जागा आतां मोटारसायकलीनें घेतली आहे, एवढाच काय तो फरक. तिला फटफटी म्हटलेलें आमच्या पुतण्याला खपत नाहीं. म्हणून तो शब्द येथें पुन्हां येणार नाहीं.

या मंडळींना हमरस्ता नको असतो. पुण्याहून महाडास जाण्याला रुंद मार्ग असतांना ते भोरवरून जातात, नीरा-देवघर धरणाचें पाणी पाहत वरंध घाट गांठतात आणि वळणामागून वळण घेत कोंकणांत उतरतात. कोणी मुळशीवरून ताम्हिणीनें माणगांवकडे जातो, कोणी महाबळेश्वराहून आंबेनळीनें पोलादपूर गांठतो, कोणी साताऱ्याहून कासच्या पठारावर चढतो. हे रस्ते मीं पुतण्याच्या मागें बसून पाहिले आहेत, आणि तरुणांना त्यांचें वेड लागतें तें उगीच नव्हे, अशी साक्ष देतों. उतारावर सोनकीचीं पिवळीं फुलें असतात, पावसाळ्यांतले धबधबे आतां सुताएवढे बारीक झालेले असतात, आणि कापलेल्या भाताचा वास मैलभर सोबत करतो. मोटारींत बसून घाट दिसतो. मोटारसायकलीवर तो अंगाला लागतो. सावलींतून उन्हांत आणि उन्हांतून सावलींत जातांना कानाशीं हवा बदललेली कळते.

असो. मला लिहावयाचें आहे तें या सौंदर्याविषयीं नसून, ज्यावर बसून तें पाहावयाचें त्या वाहनाच्या चाकांविषयीं. दसऱ्याच्या दिवशीं आपण दारांतील वाहन धुऊन पुसून स्वच्छ करितों, त्याला झेंडूची माळ घालतों, हळदकुंकू वाहतों, चाकालाही गंध लावतों. पण गंध लावणारा हात चाकावरून एकदां फिरतो काय? बहुतेक घरांतून नाहीं. शिरस्त्राण नवें आणतील, विम्याचा हप्ता वेळेवर भरतील; टायर मात्र पंक्चर होईपर्यंत कोणाच्या खिजगणतींत नसतो.

चाकाचे नाभि, अर आणि नेमि हे भाग आपल्या पूर्वजांना चांगले ठाऊक होते. बैलगाडीच्या चाकावर लोखंडाचा जो पट्टा चढवितात त्याला आपण धांव म्हणतों. लोहार ती धांव तापवून चाकावर चढवितो आणि वर पाणी ओततो. लोखंड आंवळतें आणि लांकूड घट्ट धरून बसतें. ही धांव झिजली किंवा सैल झाली म्हणजे खडखडून गांवभर सांगत असे. रबराची धांव मुकी आहे. ती झिजते, तिची कणीक रस्त्यावर सांडत राहते, आणि बसणाऱ्याला कांहीं ऐकूं येत नाहीं.

या मुक्या धांवेची जन्मकथा मोठी गंमतीची आहे. रबर गंधकाबरोबर तापविलें असतां टिकाऊ होतें, हें चार्ल्स गुडइयर यानें शोधून १८४४ सालीं त्याचें पेटंट घेतलें. हवा भरलेल्या टायरचें पेटंट रॉबर्ट थॉमसन यानें १८४५ सालीं घेतलें. पण त्या काळीं त्याला गिऱ्हाईक मिळालें नाहीं आणि ती कल्पना विस्मरणांत गेली. पुढें बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरानें आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीला फार हादरे बसतात म्हणून तीच युक्ति नव्यानें शोधली, आणि १८८८ सालीं पेटंट घेतलें. आज जगभर जीं कोट्यवधि चाकें फिरत आहेत, त्यांच्या मुळाशीं एका बापाची आपल्या मुलाविषयींची काळजी आहे, हें आपल्या घरांतील वडील माणसांनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

आतां मुख्य मुद्दा. मोटारसायकल, चालविणारा आणि मागें बसलेलें माणूस मिळून अडीच-तीनशें किलो वजन होतें. हें सगळें वजन रस्त्याला टेंकतें तें दोनच ठिकाणीं, आणि प्रत्येक ठिकाण तळहातापेक्षां फारसें मोठें नसतें. टायरवरच्या खांचा कशासाठीं असतात? पुष्कळांस वाटतें, पकड यावी म्हणून. वस्तुतः कोरड्या डांबरावर पकड देतें तें रबर, खांच नव्हे. मोटारसायकलींच्या शर्यतींत कोरड्या दिवशीं मुद्दाम बिनखांचेचे गुळगुळीत टायर वापरतात, आणि पाऊस आला कीं ते बदलून खांचांचे घालतात. खांचांचें काम पाण्याला वाट करून देण्याचें. पाणी निघून गेलें तर रबर डांबराला भिडतें. न गेलें तर मध्यें पातळ थर राहतो आणि चाकाचा आधार सुटतो.

शरद ऋतूची फसवणूक येथें आहे. पावसाळाभर रोज भिजत जाणारा मनुष्य सावध असतो. आश्विनांत लख्ख ऊन पडतें, रस्ता कोरडा असतो, झिजलेला टायरही त्यावर मुकाट्यानें चालतो, आणि चालविणाऱ्याची समजूत होते कीं सर्व ठीक आहे. परंतु घाटांतला रस्ता एकसारखा कोरडा नसतो. वळणावर दाट झाडी असली, वरून कातळाचा पाझर येत असला, तर दहा हात रस्ता दुपारपर्यंत ओला राहतो. पावसाळ्यांतलें शेवाळ त्यावर असतेंच. पहांटेचें दंव वेगळें. आणि परतीचा पाऊस? तो चित्रा-स्वातींत दुपारनंतर गडगडाट करीत केव्हां येईल याचा नेम नसतो. पंचांग पाहणाऱ्या घरांना हें निराळें सांगावयास नको.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याला अशाच एका ओल्या वळणानें सहा महिने अंथरुणाला खिळविलें. गाडी वेगांत नव्हती. मागचें चाक सरकलें, मांडीचें हाड मोडलें. मागें बसलेली त्याची पत्नी खरचटण्यावर निभावली. मी समाचाराला गेलों तेव्हां तो म्हणाला, "गुरुजी, सगळा घाट कोरडा होता हो. तेवढाच तुकडा ओला होता." टायर केव्हां बदलला होता, असें मीं विचारलें. त्यानें उत्तर दिलें नाहीं. त्याच्या आईनें दिलें: "आमच्याकडे वस्तु पुरती वापरल्याशिवाय टाकीत नाहींत."

हें वाक्य ऐकून मला राग आला नाहीं, कारण तें आपल्या सर्वांच्या घरचें आहे. जुन्या धोतराचे पंचे होतात, लुगड्याची गोधडी होते, गोधडीचें पायपुसणें होतें. या काटकसरीवर आपलीं मुलें शिकलीं, तेव्हां तिची थट्टा करण्याचा माझा हेतु नाहीं. पण धोतर विरलें तर तें फाटतें, इतकेंच. टायर विरला तर फाटतो कोण, याचा विचार करावयास नको काय? आमच्या घरींही हा वाद झाला. पुतण्याच्या गाडीचा मागचा टायर मधोमध सपाट झालेला मला दिसला. तो सूनबाईला घेऊन वरंध घाटानें महाडाकडे जाणार होता. मीं विषय काढला तेव्हां तो म्हणाला, "काका, अजून चार महिने सहज निघतील." दादांच्या हातीं घरचा जमाखर्च; ते म्हणाले, "गुळगुळीत झाला म्हणजे फाटला नव्हे. दिवाळीनंतर पाहूं." स्वयंपाकघरांतून वहिनी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "चकलीचें सामान आठ दिवस उशिरा आणलें तरी चालेल. टायर आधीं आणा." पुढें दादा कांहीं बोलले नाहींत. चकल्या त्या वर्षीं धनत्रयोदशीला झाल्या.

झीज ओळखावी कशी, हें आतां सांगतों. कारण केवळ डोळ्यांना ती फसविते. शहरांत आणि सरळ हमरस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा टायर मधोमध झिजतो, कडेचें रबर कोरें राहतें. असा टायर बाजूनें पाहिला तर नवा वाटतो. मागून पाहिला म्हणजे त्याची गोलाई जाऊन तो चौकोनी झालेला दिसतो. ही गोलाई घाटांत फार महत्त्वाची, कारण वळणावर गाडी कलती होते आणि भार मधल्या भागावरून कडेवर जातो. गोलाई शाबूत असेल तर हा बदल सावकाश होतो. सपाट झालेल्या चाकाला मात्र एक धार आलेली असते, आणि त्या धारेवरून गाडी एकदम पलीकडे पडल्यासारखी वाटते. मागच्या चाकावर यंत्राचा जोर आणि ओझें दोन्ही असल्यामुळें तें बहुधा आधीं झिजतें. पण म्हणून पुढच्याकडे दुर्लक्ष करूं नये. ब्रेक लावला कीं भार पुढें येतो, आणि दिशा देणारें चाक तेंच.

टायरच्या खांचेंत तळाशीं जागजागीं लहान आडवे उंचवटे मुद्दाम ठेवलेले असतात. वरचें रबर झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीस आलें, कीं त्याचें आयुष्य संपलें. आपल्याकडे दुचाकीसाठीं ही मर्यादा ०.८ मिलिमीटर आहे. इतकी बारीक खोली मोजण्याच्या भानगडींत पडण्यापेक्षां ते उंचवटे शोधणें सोपें. तसेंच टायरच्या बाजूवर लंबवर्तुळांत चार आंकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ४०२३ असें असेल तर तो २०२३ सालच्या चाळिसाव्या आठवड्यांत, म्हणजे ऑक्टोबरच्या आरंभीं तयार झाला. आमच्या घरची नातवंडें हे आंकडे सुभाषितासारखे सोडवितात. आणि ते सोडवावेच, कारण न वापरतांही रबर ऊन-हवेनें कठीण होतें, त्यावर केंसासारख्या भेगा पडतात. पांच वर्षांनंतर दरवर्षीं तो जाणकाराकडून तपासून घ्यावा.

हवेचा दाब चाकें थंड असतांना, म्हणजे निघण्यापूर्वीं पाहावा. चालून तापलेल्या टायरांतील हवेचा दाब वाढतो, हें मॅट्रिकच्या पदार्थविज्ञानांत आपण सर्वांनीं घोकलें आहे. मागें माणूस बसणार असेल तर मागच्या चाकाचा आंकडा वेगळा असतो. तो गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेंत पाहावा. टायरवर छापलेला आंकडा कमाल मर्यादेचा आहे, तेवढी हवा भरा अशी ती आज्ञा नव्हे.

दुकानदार विचारतो, जास्त टिकणारा देऊं कीं जास्त पकडीचा? प्रश्न रास्त आहे. कठीण रबर पुष्कळ मैल चालतें, मऊ रबर रस्ता चांगला धरतें, आणि दोन्ही गुण एकाच ठिकाणीं पुरतेपणीं मिळत नाहींत. म्हणून कांहीं टायरांत मधला पट्टा कठीण आणि कडा मऊ अशी योजना असते. घाटांत वारंवार जाणाऱ्यानें याची चौकशी करावी. केवळ कचेरींत जाणाऱ्याला त्याची गरज नाहीं.

एक गोष्ट दुकानांत सहसा सांगत नाहींत. कोरा टायर पहिले दीडशें किलोमीटर तरी निसरडा असतो. वरचा तुकतुकीत पापुद्रा खरवडून निघेपर्यंत त्याची खरी पकड येत नाहीं. म्हणून प्रवासाच्या आदल्या संध्याकाळीं टायर बदलून पहांटे घाट गांठूं नये. घटस्थापनेच्या सुमारास तो बदलावा. कचेरीच्या आणि बाजाराच्या फेऱ्यांत त्याचा नवेपणा जातो, आणि दसऱ्याला झेंडूची माळ घालावयाच्या वेळीं तो घाटाला तयार असतो.