धुराची वाट आधी, इंजिन मग



रेल्वे युनियनचा सेक्रेटरी मच्छीमार बोटीच्या धुराच्या पाइपावर कशाला लिहितो, असा प्रश्न काहींना पडेल. मी मॅट्रिक शिकलेला माणूस. डिझेल शेडमध्ये फिटर म्हणून लागलो आणि हयात इंजिनाजवळ गेली. आपल्यातले कितीतरी रेल्वे व पोस्टाचे कर्मचारी रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडकडचे आहेत. निवृत्तीचा पैसा भावाच्या किंवा मेहुण्याच्या बोटीत घालणारेही कमी नाहीत. तेव्हा हा प्रश्न आपल्या घरचाच आहे.

गेल्या हंगामात बहिणीच्या गावी गेलो होतो. भाच्याने बोटीला नवे इंजिन बसवले होते. पहिल्याच फेरीत एकोणीस वर्षांचा एक खलाशी इंजिनाशेजारच्या फळीवर झोपला, तो सकाळी हलवून उठेना. तांडेलाने त्याला उचलून वर उघड्यावर आणले आणि बोट वळवून बंदर गाठले. पोरगा वाचला. मी खाली उतरून पाहिले. पाइपाच्या जोडाचे पॅकिंग उडाले होते, आणि भोवतालच्या फळ्यांवर काजळी धरली होती. भाचा म्हणाला, "मामा, इंजिन म्हटलं की धूर आलाच. चालायचंच."

या 'चालायचंच'ला माझा विरोध आहे.

इंजिन घेताना सगळे हॉर्सपॉवर विचारतात. धूर कुठून जाणार हे कोणी विचारत नाही. इंजिन बसले, पंखा जोडला, मग उरलेल्या जागेतून जमेल तसा पाइप वाकवून काढतात. खरे तर धुराची वाट आधी आखायला हवी.

बोटीत ही वाट दोन प्रकारची असते. पहिली कोरडी. पाइप इंजिनापासून सरळ वर, छपराच्याही वर नेतात. आपल्याकडच्या बऱ्याच ट्रॉलरवर हीच पद्धत आहे. भरल्या लोडवर धूर चारशे-पाचशे अंश सेल्सियसपर्यंत तापतो. म्हणून पाइपाला उष्णता अडवणारे वेष्टण हवे आणि लाकडापासून अंतर हवे. पूर्वी यासाठी अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी गुंडाळत. ती आता वापरू नये, तिची धूळ फुफ्फुसाला घातक आहे. इंजिन थरथरते, बोट थरथरत नाही, म्हणून मध्ये लवचिक बेलोज हवा. पाइपाचे वजन बोटीच्या सांगाड्यावर टांगावे, मॅनिफोल्डवर टाकू नये. भाच्याच्या बोटीत नेमके हेच चुकले होते. बेलोज नाही आणि सगळा भार जोडावर. जोड उडणारच होता.

दुसरी ओली. इंजिन थंड करून आलेले समुद्राचे पाणी मॅनिफोल्डनंतरच्या कोपरात धुरात सोडतात. धूर थंड होतो, पुढे रबरी नळी चालते, आवाजही कमी होतो. पण हे पाणी उलटे इंजिनात शिरता कामा नये. पाणी सोडण्याची जागा जलपातळीच्या खाली किंवा तिच्या अगदी जवळ असेल, तर इंजिन बंद असताना सायफनने पाणी आत भरते. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून पाण्याची नळी जलपातळीच्या बऱ्याच वर उचलून, तिच्या माथ्यावर हवा घेणारा व्हॉल्व्ह बसवतात. धुराची नळीही मागे उतरती ठेवतात, आणि लाट आत येऊ नये म्हणून शेवटी उंच वळण देतात. इंजिन सुरू होत नसेल तर स्टार्टर पुन्हा पुन्हा मारू नये. पंप पाणी भरत राहतो, पण ते बाहेर ढकलायला धूर नसतो. आधी समुद्राच्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करावा आणि इंजिन सुरू होताच तो लगेच उघडावा.

मालक म्हणतात, मासळी मिळत नाही, डिझेल महाग, या लाडांना पैसा कुठून आणू? त्यांची अडचण खोटी नाही. पण अरुंद पाइप आणि चार-चार काटकोन वळणे यांनी धूर तुंबतो. मग इंजिन तापते, काळे ओकते आणि जास्त डिझेल पिते. पाइपात वाचवलेला पैसा डिझेलमध्ये जातो.

आणि माणसाचे काय? कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. पेट्रोलपेक्षा डिझेलच्या धुरात तो कमी असतो, पण बंद जागेत साचतो. डिझेलच्या धुराने माणसाला कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ साली जाहीर केले. त्याच्या कितीतरी आधी, आमच्या शेडमध्ये इंजिन चालू ठेवून तपासणी होई तेव्हा वरचा धूर ओढणारा पंखा महिनोन्‌महिने बंद असे. आम्ही अर्ज केले, निदर्शने केली, तेव्हा तो फिरला. आम्हालाही तेव्हा 'चालायचंच' असेच उत्तर मिळाले होते.

आमच्या हाती निदान कायदा होता. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या कलम १४ मध्ये स्पष्ट लिहिले होते की कारखान्यातील स्थिर इंजिनाचा धूर बाहेर मोकळ्या हवेत सोडल्याशिवाय ते चालवू नये. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा २०२० च्या संहितेने घेतली आहे. हे वाक्य नव्या नियमांत शब्दशः राहील, याकडे सर्व फेडरेशनांनी डोळ्यांत तेल घालून पाहावे. पोस्टाच्या आवारात खिडकीखाली धडधडणाऱ्या जनरेटरलाही ते लागू पडले पाहिजे.

बोट मात्र कारखान्यात मोडत नव्हती. तिथल्या खलाशाला हाजरीपत्रक नाही, युनियनही क्वचितच. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा मासेमारी कामगारांसाठीचा २००७ चा करार क्रमांक १८८ हा १६ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. आपल्या देशाने तो स्वीकारावा, अशी मागणी मच्छीमारांच्या संघटनांबरोबर आपणही केली पाहिजे. नवे इंजिन बसवल्यावर बंदरातच धुराच्या वाटेची तपासणी व्हावी, आणि इंजिनाच्या कर्जात पाइप, बेलोज व वेष्टण यांचा खर्च वेगळा धरावा, याही मागण्या रास्त आहेत.

हे होईल तेव्हा होईल. तोवर दिवाळीला वा शिमग्याला गावी जाल, तेव्हा एक काम करा. बोटीत उतरा, इंजिन चालू करायला सांगा आणि बॅटरी घेऊन पाइपाचा प्रत्येक जोड पाहा. काळा डाग दिसला तर बोट बाहेर जाऊ देऊ नका. खलाशांना इंजिनाशेजारी झोपू देऊ नका. भाचा रागावेल. माझाही रागावला होता. चार दिवसांनी त्यानेच बेलोज बसवून घेतला आणि त्या पोराची झोपायची फळी पुढच्या बाजूला हलवली.