मुक्कामाचा शेवटचा दिवस

उन्हाळी सुटी लागली की आपली कितीतरी कुटुंबे लेकरांना घेऊन बाहेर पडतात. मुंबई-पुण्याकडून कलबुर्गीचे बुद्ध विहार आणि भीमाकाठची सन्नती पाहायला निघालेली मंडळी वाटेत सोलापूरला उतरतात, नातलगांकडे दोन-तीन दिवस राहतात आणि मग पुढची गाडी धरतात. लॉजचे भाडे वाचते, नात्याला उजाळा मिळतो. हे चांगलेच आहे. पण या मुक्कामाचा शेवटचा दिवस कसा घालवावा, याचा विचार आपण क्वचितच करतो.

त्या दिवशी काय होते ते आठवून पाहा. ओले कपडे, हरवलेली चप्पल, ऐनवेळची चादरींची खरेदी, पाठोपाठ चहा आणि संध्याकाळच्या गाडीसाठी डबा! हा सारा भार घरच्या बाईवर पडतो. ती नोकरदार असेल तर तिची एक रजा जाते. पण सोलापूरच्या पूर्व भागात, भवानी पेठेसारख्या कष्टकरी वस्तीत, रजा हा शब्दच अनेक घरांत नाही. तिथे बायका घरी बसून विड्या वळतात, पुरुष यंत्रमागावर जातात. विडीची मजुरी हजारावर असते. जेवढ्या वळल्या तेवढेच पैसे. पान भिजवायचे, मापाने कापायचे, तंबाखू भरून वळायचे, दोरा बांधायचा, जुड्या करून वेळेत नेऊन द्यायच्या. त्यातल्याही खराब निघतील त्या बाजूला काढल्या जातात. हात थांबला की मजुरी थांबली.

मागे आम्ही भवानी पेठेत मावसबहिणीकडे उतरलो होतो. तिला सारे अक्का म्हणतात. दोन दिवस तिने आम्हांला काही जाणवू दिले नाही. तिसऱ्या दिवशी निघायचे म्हणून आम्ही विचारले, "अक्का, आज तुझे सूप रिकामे कसे?" ती हसून म्हणाली, "वैनी, पाव्हणं आलं की घर भरल्यावानी वाटतंय बघा. खायाची तोंडं वाढत्यात, पर वळायचं हात कमी हुत्यात. चालायचंच की!" त्यात तक्रार नव्हती. पण हिशेब चोख होता.

मग आम्ही त्या दिवसाची वाटणी केली. मुलांना पहाटेच बाहेर काढले, कारण मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशीपार जातो. शिवाय तंबाखूच्या धुळीत लहान मुलांनी बसूही नये. भुईकोट किल्ला आणि सिद्धेश्वर तलाव जवळजवळ आहेत. तेथून चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी गेलो. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी झाली. त्याआधी मे 1930 मध्ये इंग्रज सरकारने या गिरणगावात लष्करी कायदा पुकारला होता. चीनमध्ये जखमी सैनिकांची सेवा करता करता 1942 साली मरण पावलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीसही याच शहरातले. मुलांनी नावे वहीत उतरवून घेतली.

घरी स्वयंपाक आणि भांडी आम्ही घेतली. डब्यासाठी अक्काला चुलीपुढे बसवले नाही. सोलापुरात कडक भाकरी आणि शेंगाचटणी विकत मिळते आणि प्रवासात चांगली टिकते. अक्का दुपारभर सूप मांडीवर घेऊन बसली. गप्पाही त्याच वेळी झाल्या, आणि दोन दिवसांत झाल्या नव्हत्या इतक्या झाल्या. बोलताना तिचे हात एकदाही थांबले नाहीत.

वाचक भगिनींनो आणि बंधूंनो, यात खर्चाचे काही नाही. शेवटच्या दिवशीची खरेदी आदल्या दिवशीच उरकावी. सामान रात्रीच बांधून ठेवावे. घरातल्या बाईची माल देण्याची वेळ विचारून घ्यावी आणि ती चुकू देऊ नये. पीठ, तेल, भाजी पहिल्याच दिवशी आणून टाकावी. निघताना लेकरांच्या हातावर खाऊचे पैसे ठेवण्याची आपली रीत आहेच, पण बुडालेल्या मजुरीची भरपाई म्हणून कोणी पैसे पुढे केले तर मानी माणसाला ते लागते. तिचे काम बुडू न देणे हाच खरा आहेर.

पुरुष मंडळींनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पाहुणा म्हणून आलो म्हणजे हात बांधून बसावे असे कोठे लिहिलेले नाही. ताट उचलावे, पाणी भरावे, मुलांना सांभाळावे.

ज्या घरात पाहुण्यामुळे आठवड्याचा हिशेब तुटत नाही, त्या घरातून पुढच्या सुटीचे बोलावणे मनापासून येते.