दोष आजींच्या फोनचा नव्हता

ब्लँचर्डस्टाउन येथील आमच्या मुलांचा मराठी वर्ग दर रविवारी आमच्याच सर्व्हरवरील बिगब्लूबटनवर भरतो. नागपूरच्या एक आजी त्यात गोष्टी सांगत. गेल्या हिवाळ्यात त्यांचे लेखी संदेश येत. चित्र व आवाज मात्र येईना. इतरांचे सुरळीत होते. ‘माझाच फोन जुना,’ म्हणून आजींनी येणे थांबविले, आणि आम्ही ते मान्य केले.

तपासणीवाचून निदान करू नये, हे आम्ही वैद्यकात शिकलो. येथे मात्र विसरलो. पुढे तोच फोन शेजारच्या इंटरनेटवर लावताच चेहरे दिसू लागले. संदेश ४४३ या पोर्टवरून जातात. चित्र व आवाज १६३८४ ते ३२७६८ या यूडीपी पोर्टांवरून. आजींच्या घरच्या जोडणीत यूडीपीच अडत होते. आम्ही टर्न सर्व्हर बसवून चित्र व आवाजही ४४३ वरून वळविले. आजी परतल्या.

स्वतःचा सर्व्हर चालविणे अभिमानास्पद खरे; परंतु जो दाराबाहेर राहिला त्याची वाट शोधणे हे चालविणाऱ्याचेच कर्तव्य होय, असे आमचे स्पष्ट मत आहे. वडीलधाऱ्यांनी स्वतःस दोष देऊन निघून जावे, ही आपल्या घराची रीत नव्हे.