फऱ्याची थकबाकी

शरीरातल्या २०६ हाडांपैकी २ हाडांवर मराठी माणसाने घोर अन्याय केला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. खांद्यांच्या मागे, पाठीवर डावी-उजवीकडे बसलेली ती त्रिकोणी पाती. नाव सांगा पाहू! अडलात ना? शाळेचं पुस्तक म्हणेल स्कंधास्थी, वैद्यबुवा म्हणतील अंसफलक, डॉक्टर म्हणतील स्कॅप्युला. ही झाली सहीपुरती नावं. घरात हाक मारायचं नाव काय?

ते नाव ‘फरा’. पण हा शब्द आम्ही मटणाच्या दुकानात विसरून आलो. ‘पुढचा फरा द्या’ म्हणताना ज्याची जीभ अडखळत नाही, तोच गृहस्थ स्वतःचा फरा ठणकू लागला की ‘इथे, जरा मागे, गरुडाला पंख असतात ना, तिथे’ म्हणून हात मुरगाळत बसतो. गुरांना ‘फऱ्या’ नावाचा रोग होतो, त्याची लस पावसाळ्याआधी टोचतात. म्हणजे बोकडाला फरा आहे, बैलाला फरा आहे. माणसाला मात्र ‘इथे, जरा मागे’!

म्हणे शब्द जनावरांचा! अहो, पोट बैलालाही असतंच की. मग आम्ही काय ‘उदर दुखते’ म्हणून रजेचा अर्ज खरडायचा?

बरं, हे हाड काही बसून खाणारं नाही. १७ स्नायूंची खाती एकट्याकडे. बरगड्यांशी सांधा नाही, स्नायूंच्या गादीवर बिचारं सरकत असतं. हात सरळ डोक्यावर नेला, तर १८० अंशांतले सुमारे ६० याच्या खात्यावर. श्रेय सगळं खांद्याला! आमच्या बँकेत कारकून आणि मॅनेजर यांचं असंच असतं.

आणि हा नुसता शब्दाचा हट्ट नव्हे. पित्ताशयातल्या खड्याची कळ पुष्कळदा उजव्या फऱ्याखाली उमटते. हृदयाचं दुखणंही दोन फऱ्यांच्या मध्ये जाणवू शकतं. तिथे नुसतं ‘पाठ दुखते’ म्हटलं, की घरचे बाम चोळत बसतात. नोंद भलत्याच खात्यावर पडली की ताळेबंद जुळत नाही, आणि इथे तर ताळेबंद माणसाचा आहे.

तेव्हा पोराला नाक-कान-डोळे शिकवताना एकदा त्याच्या पाठीवर बोट टेकवा आणि सांगा, ‘हा तुझा फरा.’ हसेल. हसू द्या. गुदगुल्या करून शिकवलेला शब्द पोरं विसरत नाहीत.