खराटा कोणाच्या हातात?

दोस्तहो, या वेळी संपादकीय मोर्चावर नाही. एका वर्गावर आहे.

20 डिसेंबरला मी भाचीच्या शाळेत दिवसभर बसलो. अकोला जिल्ह्यातली चौथी. नाव मुद्दाम लिहीत नाही; तुमच्याही गावात हीच शाळा असेल. गाडगेबाबांची पुण्यतिथी होती. परिपाठ झाला, प्रतिज्ञा झाली, घटकाभर सगळे एकमेकांचे बांधव झाले. मग बाईंनी बाबा सांगितले. छान सांगितले, खोटं कशाला बोलू! 1876 साली आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात परिटाच्या घरी जन्म. अंगावर चिंध्या, डोक्यावर गाडगं, हाती खराटा.

मग निघालं स्वच्छता अभियान. खराटे पाच. पाचही भीमनगरातल्या पोट्ट्यांच्या हाती. बाकीच्यांना रांगोळी आणि फोटोचा हार. संडासाची बकेट माझ्या भाचीला.

जात कोणी विचारली नाही. विचारायची गरजच काय? 1992 पासून गरीब दलित-आदिवासी पोरींनी शाळेत यावं म्हणून सरकारनं दिवसाला 1 रुपया हजेरी भत्ता लावला. तीस वर्षं उलटली तरी रुपयाचा सव्वा रुपया झाला नव्हता. त्या यादीत भाचीचं नाव आहे. यादी शाळेत आणायला केली, संडास धुवायला कामी आली.

"म्याडम, पानी सरलं, भराले जाऊ काय?" भाची म्हणाली. वर्ग हसला. "संपलं म्हण. नीट बोलायला शिक," बाई म्हणाल्या. च्यायला, ज्या बाबांच्या फोटोला आत्ता हार घातला, ते याच वऱ्हाडीत उभ्या महाराष्ट्रात कीर्तनं करत फिरले! भांडी विका पण पोरं शिकवा, असं सांगत फिरले. 1949 साली पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या संस्थेच्या हवाली केली, तीसुद्धा पोरांच्या शिक्षणासाठीच. बाईंच्या धड्यात हे नव्हतं.

मधल्या सुट्टीत मी बाईंना विचारलं, हीच पोरं का? त्या चिडल्या नाहीत. प्रेमानं म्हणाल्या, "त्यांना सवय असते हो भाऊ."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं, शिवीला उत्तर देता येतं.

आता आपलं सांगा. 14 एप्रिलच्या वर्गणीचा हिशेब आपल्याला तोंडपाठ. पण 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानं सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक ठेवले आहेत, वंचितांना त्यांच्या प्रमाणात जागा दिली आहे, भेदभाव होऊ न देण्याची जबाबदारी टाकली आहे. आपल्या वस्तीतलं कोण त्या समितीत बसतं, माहीत आहे? मला माहीत नव्हतं. भाचीच्या शाळेतला कागद काढला, तर तिच्या मायचीच सही. बैठक कधी झाली, तिला पत्ता नाही. पुढच्या बैठकीला आम्ही दोघं जाणार. खराट्याची पाळी हजेरी क्रमांकानं लावा, एवढंच मागणार.

संध्याकाळी भाची निबंध लिहीत होती. बाबा गाव झाडायचे, एवढ्यावर अडली.

"मामा, त्याइले कोनं सांगतलं होतं झाडाले?"