मागेल त्याला काम : हमी आणि तिजोरी

दरिद्री देशात आर्थिक व सामाजिक हक्कांची भाषा बोलणे म्हणजे रिकाम्या कणगीपुढे पंगत मांडणे होय, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. तिजोरीत पैसाच नसेल, तर कामाचा, अन्नाचा वा शिक्षणाचा हक्क द्यायचा कोठून? भारतीय राज्यघटनेनेही हा संकोच काही अंशी मान्य केला आहे. कामाच्या हक्काची तरतूद शासनाने करावी, असे अनुच्छेद 41 सांगतो खरा. परंतु ती आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत. शिवाय मार्गदर्शक तत्त्वांसाठी न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही, हे अनुच्छेद 37 ने स्पष्टच केले आहे. राजकारणात समता आणि आर्थिक जीवनात विषमता, ही विसंगती फार काळ टिकली तर लोकशाहीची इमारतच धोक्यात येईल, असा इशारा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी घटना समितीत दिला होता.

तिजोरीची सबब कितपत खरी आहे, याची कसोटी महाराष्ट्रात लागली. आणि तीही सुबत्तेच्या काळात नव्हे, तर 1972-73 च्या भीषण दुष्काळात. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातील विसापूर परिसरात केलेल्या प्रयोगातून रोजगार हमीची कल्पना पुढे आली होती. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या लक्षावधी हातांनी तिला निकडीचे रूप दिले. पाऊस आल्यावर दुष्काळी कामे बंद होतात. बेकारी मात्र बंद होत नाही. म्हणून 1977 साली विधिमंडळाने कायदा केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाही तर बेकारी भत्ता, असे त्याचे सूत्र होते. दुष्काळी कामे ही शासनाची कृपा होती. हमी हे शासनाचे कर्तव्य झाले. भेद शब्दांचा दिसतो, पण तोच मुद्द्याचा गाभा आहे.

या हमीमागे पैसा कोणाचा होता? 1975 साली व्यवसाय कर लागू झाला. शिक्षकांच्या, कारकुनांच्या, गिरणी कामगारांच्या पगारपत्रकातून होणारी ती छोटी कपात, आणि त्या उत्पन्नाइतकीच राज्याने घालावयाची भर, यांतून योजनेचा निधी उभा करण्याची व्यवस्था होती. शहरातील नियमित पगार आणि माळरानावरील पाझर तलावाचा हजेरीपट यांत कायद्याने नाते जोडले. गरीब देशातही हक्क राखता येतो. मात्र त्यासाठी त्याचा खर्च कोण सोसणार, हे आधी ठरवावे लागते.

योजनेत दोष नव्हते असे नाही. खोटे हजेरीपट, रखडलेली मजुरी, अर्धवट सोडलेली कामे यांच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत राहिल्या. बेकारी भत्ता तर बहुधा कागदावरच राहिला. तरीही मोर्चा घेऊन तहसील कचेरीवर जाणाऱ्या मजूर स्त्रीच्या मागणीला कायद्याचा आधार होता, ही गोष्ट सामान्य नव्हे.

केवळ न्यायालयावर विसंबून हे साधत नाही. मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1985 साली उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला; पण त्याच निकालाने झोपड्या हटविण्याचा महापालिकेचा अधिकारही कायम ठेवला. तत्त्व जिंकले, छप्पर गेले. उलट 2001 साली शाळांत शिजवलेले अन्न देण्याचा आदेश त्याच न्यायालयाने दिला, तेव्हा कोणी, काय आणि किती द्यायचे हे नेमके ठरवून दिल्यामुळे तो पुढे ताटापर्यंत पोहोचू शकला.

महाराष्ट्राचा धडा देशाने 2005 साली गिरवला. संसदेच्या कायद्याने ग्रामीण कुटुंबाला वर्षाला 100 दिवसांची हमी मिळाली आणि अकुशल मजुरीचा संपूर्ण भार केंद्राने उचलला. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात दिवस 125 झाले, ही वाढ स्वागतार्ह वाटेल. पण बहुतेक राज्यांवर 40 टक्के खर्चाचा वाटा आला, प्रत्येक राज्याचा नियतव्यय केंद्राने ठरवावयाचा आणि त्यावरील खर्च राज्याने सोसावयाचा, अशी योजना झाली. शेतीच्या ऐन हंगामात 60 दिवसांपर्यंत कामे थांबविण्याचीही तरतूद आहे. हंगामात शेतीला मजूर हवेत, ही अडचण खोटी नाही. तथापि पूर्वी मागणीवरून खर्च ठरे. आता खर्चावरून मागणीला मर्यादा पडण्याचा धोका आहे. ज्या राज्यात दारिद्र्य अधिक, त्याचीच तिजोरी बहुधा तोकडी. म्हणजे हमीची गरज जेथे सर्वांत मोठी, तेथेच ती सर्वांत दुबळी ठरावयाची.

आर्थिक क्षमतेची मर्यादा कोणीच नाकारीत नाही. प्रश्न अग्रक्रमाचा आहे. तिजोरी आटली की पहिली कात्री कोठे लागते, यावरूनच हक्क कोणता आणि कृपा कोणती, हे ओळखावे. 1970 च्या दशकात आजच्याहून कितीतरी गरीब असलेल्या महाराष्ट्राने ही कात्री मजुराच्या भाकरीला लागू नये म्हणून पगारदारावर कर बसविला. आज अधिक संपन्न झालेल्या देशाला तेवढे धैर्य परवडत नाही, असे म्हणणे कठीण आहे.